बाफल्याची युक्ती पावाला : घरच्या ओव्हनमध्ये वाफ कशी द्यावी

बाटी आणि बाफला यांतला फरक इंदुरात शाळकरी पोरंही सांगतील. बाटी म्हणजे कणकेचा गोळा थेट गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर. बाफला आधी उकळत्या पाण्यात शिजतो, तरंगून वर आला की निथळायला ठेवतात आणि मग भाजतात. दोन्ही शेजारी ठेवून जरा निरखून बघा. बाटीचं अंग खरबरीत, भेगाळलेलं. बाफल्याची साल गुळगुळीत, तुकतुकीत, आणि रंगही सगळीकडून एकसारखा. भाजण्याआधी बाफल्याच्या वरच्या थराला भरपूर पाणी मिळालं, त्या पाण्यात पिठातला स्टार्च फुगला आणि त्याची खळ झाली. तीच खळ पुढे वाळून भाजली गेली की चकाकते.

पावाला ओव्हनमध्ये वाफ देतात ती याच कामासाठी. पाव काही आपण पाण्यात उकळत नाही (उकळून भाजायचे प्रकारही जगात आहेत, अमेरिकेतला बेगल हा बाफल्याचा दूरचा भाऊच), म्हणून पाणी वाफेच्या रूपानं पोचवायचं.

मी घरी पाव भाजायला लागले तेव्हा वाफेबद्दल अगदी उलटा समज करून बसले होते. साल कडक हवी ना, मग भरपूर वाफ द्या, जितकी जास्त तितकी कडक. चाळीस मिनिटं ओव्हनमध्ये पाण्याचा ट्रे ठेवून भाजलेला पाव बाहेर काढला तो फिकट, आणि साल अशी चिवट की सुरी घसरत होती. वाफेनं साल कडक होत नाही. पहिल्या अर्ध्या वेळात वाफ साल मऊ ठेवते, कडकपणा येतो तो नंतरच्या कोरड्या उष्णतेनं. हे दोन भाग वेगळे ओळखता आले की बाकी सगळी हमाली आहे.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे कुणाचा पाव फुकट जायला नको. वाफ लागते ती नुसतं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट अशा साध्या, कडक सालीच्या पावाला. लादी पाव, दुधाचा ब्रेड, बन, यांना वाफेची भानगड नको. त्यांची साल मऊच असायला हवी, आणि दूध, लोणी, साखर असल्यानं त्यांना रंगही लवकर येतो. त्यांना वरून दुधाचा हात फिरवला की झालं.

आत नेमकं काय होतं

ओव्हन २३० अंशांवर तापलेला आहे आणि तुम्ही २८-३० अंशांचा गार गोळा आत ठेवलात. ओव्हन कोरडा असेल तर गोळ्याची वरची कातडी तीन-चार मिनिटांतच वाळते आणि आवळते. आत मात्र अजून खमिराचं काम चालू असतं, वायू तापून पसरत असतो, पाण्याची वाफ होत असते. पाव सर्वात जोरात फुगतो तो याच पहिल्या दहा-बारा मिनिटांत. वरून कवच बंद, आतून रेटा. मग पाव जिथे कमजोर असेल तिथून फुटतो, बहुतेक वेळा खालच्या अंगाला. तुम्ही वरून सुबक चीर दिलेली असते, ती तशीच मिटलेली राहते आणि बाजूनं मात्र पोट फुटून गाठ बाहेर आलेली असते.

आता हाच गोळा वाफेनं भरलेल्या ओव्हनमध्ये गेला असं समजा. उन्हाळ्यात फ्रिजमधल्या पाण्याचा पेला भरून ठेवला की बाहेरून घाम येतो, तसं गार गोळ्यावर वाफेचं पाणी होऊन बसतं. वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णताही तिथेच सोडते, ग्रॅममागे साधारण ५४० कॅलरी. म्हणजे गोळ्याचं अंग झपाट्यानं तापतं पण वाळत नाही. साधारण ६०-६५ अंशांपासून पिठातला स्टार्च हे पाणी पिऊन फुगायला लागतो आणि वर खळीचा पातळ थर धरतो. हा थर ताणला जातो, फाटत नाही, म्हणून पाव चिरेतून हवा तसा उमलतो.

पण ओल्या वस्तूचं तापमान शंभराच्या वर जात नाही. साल तांबूस व्हायची, तिला तो खमंग भाजका वास यायचा, तर वरचा थर १४० अंशांच्या पुढे जायला लागतो. तेव्हा पाव फुगून झाला की वाफ घालवायचीच. पहिली वीस मिनिटं ओली आणि पुढची वीस कोरडी, हा माझा ढोबळ हिशेब.

आधी दोन गोळ्यांचा प्रयोग करा

कुणी शिकायला आलं की मी आधी हे करून दाखवते. लिंबाएवढे दोन गोळे एकाच ट्रेवर ठेवायचे, दोन्हींवर एकेक चीर. एकावर स्टीलची खोलगट वाटी पालथी घालायची, दुसरा उघडा. वाटी अशी निवडायची की गोळा दीडपट झाला तरी टेकणार नाही. २२० अंशांवर दहा मिनिटं भाजायचं, मग सांडशीनं वाटी उचलायची आणि आणखी दहा मिनिटं दोन्ही उघडे भाजायचे.

वाटी उचलल्याबरोबर वाकून बघा. उघड्या गोळ्यावर पांढुरकी, मातकट कातडी धरलेली असते, मैद्याची पूड अंगावर तशीच. वाटीखालचा गोळा त्याच्याहून उंच, रंगानं अजून कच्चाच, पण अंगावर ओला चकाकता मुलामा, नुकत्या सारवलेल्या जमिनीसारखा. चीर उघडून तिच्या कडा वर आलेल्या. शेवटी रंग दोघांनाही येतो, पण उघड्याचा निस्तेज आणि वाटीखालच्याचा गुळाच्या पाकासारखा.

वाटीखाली आपण पाण्याचा थेंबही घातलेला नव्हता. वाफ गोळ्याच्याच अंगची होती. भाजताना पावाचं वजन साधारण दहा ते पंधरा टक्के घटतं, ते सगळं पाणीच. उघड्यावर ते उडून जातं, वाटीखाली कोंडलं जातं. नवख्यानं सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. पाण्याचे ट्रे, बर्फ, फवारे यांच्या नादी नंतर लागा.

काय काय लागेल

बिडाची झाकणवाली कढई किंवा खोल भांडं असेल तर उत्तम. नसेल तर बिडाचा जाड तवा आणि त्यावर पालथं घालायला स्टीलचं पातेलं, हेही तितकंच चालतं. मी दीड वर्ष याच जोडीवर काढलं. पातेलं इंदूरच्या राजवाड्यामागच्या कसेरा बाजारातून वजनावर घेतलेलं, काठ जाड, दांडा नाही. घरात असलंच असं भांडं तर नवीन आणू नका. मात्र प्लास्टिकच्या किंवा बॅकेलाइटच्या मुठीचं काहीही आत जाता कामा नये, नॉनस्टिक रिकामं तापवायचं नाही, आणि काचेचं भांडं तर अजिबात नको. प्रेशर कुकर तर ओव्हनमध्ये घालूच नका. त्याची रबरी रिंग आणि शिटी काढली तरी मूठ उरतेच.

ओव्हन गार असताना भांडं आत ठेवून दार लावून बघा. हे मी मुद्दाम लिहितेय. तापलेली कढई हातात आणि दार दोन बोटांनी लागत नाही, ही फजिती मी करून चुकलेय. वरच्या रॉडपासून भांड्याचं अंतर तीन-चार बोटं तरी राहावं.

ओव्हन म्हणजे आपल्याकडे बहुतेक घरांत ओटीजीच. तो २३० पर्यंत जाणारा हवा आणि १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगवरच लावायचा. मिक्सरच्या प्लगवर एक्स्टेन्शन लावून चालवू नका. आत पंखा असेल तर वाफेच्या वेळात तो बंद ठेवायचा. पंखा वाफ ढवळून फटींतून बाहेर घालवतो आणि साल वाळवतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

शिवाय वजनकाटा, दाढीचं नवं पातं, कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे आणि बेकिंगचा पार्चमेंट कागद. मिठाईच्या डब्यात घालतात तो पातळ बटर पेपर नको, तो या उष्णतेला काळा पडतो आणि पावाला चिकटतो.

गोळा

एका मध्यम पावाला २७० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम घरची कणीक, २०० ग्रॅम पाणी, ६ ग्रॅम मीठ आणि अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट. पाणी आधी १९० घाला, बाकीचं दहा हात बघून. मैद्याच्या पाकिटामागे प्रथिनं लिहिलेली असतात, १०० ग्रॅममागे १० किंवा ११ असतील तो घ्या. कणकेनं चव आणि रंग येतो, पण फार घातली तर पाव बसका होतो.

सगळं एकत्र कालवून अर्धा तास झाकून ठेवा. मग हात ओला करून पिठाची एक बाजू ओढून मधे दुमडायची, पाकीट बंद करतो तशी, चारही बाजूंनी. अर्ध्या अर्ध्या तासानं असं तीनदा. चौथ्यांदा हात लावाल तेव्हा गोळा लोळत नाही, उभा राहतो. एकूण दोन-अडीच तासांत तो पावणेदोनपट होईल. मग हलक्या हातानं गोल करायचा, खालून ओढत ओढत, वरची कातडी ढोलकीसारखी ताणली जाईपर्यंत. चाळणीत सुती फडकं अंथरून त्यावर तांदळाची पिठी भुरभुरवा आणि गोळा जोडाची बाजू वर करून ठेवा. साधारण पाऊण तास. बोटानं दाबलं की खळगा हळूहळू, अर्धामुर्धा भरून आला पाहिजे. झटकन भरला तर अजून वेळ आहे, भरलाच नाही तर उशीर झाला.

या वेळा नवरात्र ते दिवाळीच्या हवेतल्या. इंदूरची हवा वर्षभरात तीन वेगवेगळी शहरं असल्यासारखी वागते. मे महिन्यात स्वयंपाकघर छत्तीसला गेलं की यीस्ट निम्मं करा, पाणी माठातलं घ्या. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा कोमट पाणी आणि चार तासांचा धीर.

आणि उन्हाळ्यातली एक गोष्ट वाफेच्या विषयाला थेट लागून आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की पापड दोन तासांत कडक होतात. तेच गोळ्याचंही होतं. उघडा राहिला की वर पापडी धरते. ही पापडी एकदा धरली की ओव्हनमधली कुठलीही वाफ ती पुरती सोडवत नाही. म्हणून गोळा कायम ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याखाली. वर एक ताटही झाका.

जमत असेल तर चाळणी झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी तशीच गार भाजायला घ्या. गोळा जितका गार, तितका त्याच्यावर वाफेचा घाम जास्त वेळ जमतो. गार गोळ्यावर चीरही नीट पडते. उन्हाळ्यात तर मी दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं करतच नाही.

झाकणाखालची वाफ, पायरी पायरीनं

कढई झाकणासकट ओव्हनमध्ये ठेवून २३० अंशांवर किमान ३५ मिनिटं तापवा. ओटीजीचा दिवा दहा मिनिटांत विझतो. त्याच्यावर जाऊ नका, बीड तापायला वेळ घेतं. गार कढईत गोळा टाकला तर खालून पांढरा राहतो आणि वाफही उशिरा धरते.

चाळणी पार्चमेंटवर पालथी घालून गोळा काढा. कागदाला दोन्हीकडे लांब कान ठेवा, उचलायला. पिठी जास्त असेल तर कोरड्या ब्रशनं झाडा, कारण पिठीच्या थरावर चमक धरत नाही. मग चीर. एकच, थोडी बाजूला, पातं तिरकं धरून, साधारण अर्धा सेंटिमीटर खोल. हात थरथरत असेल तर श्वास सोडून एका दमात ओढा. करवतीसारखं मागेपुढे केलं की कड फाटते.

कढई बाहेर काढून जाड फळीवर ठेवा, ओल्या ओट्यावर नको. कागदाचे कान धरून गोळा आत सोडा. कागदाच्या खाली, कढईच्या कडेला, चमचाभर पाणी टाकून लगेच झाकण लावायचं. हे पाणी ऐच्छिक आहे, पहिल्या मिनिटाला वाफ लवकर भरते इतकंच. गोळ्यावर मात्र ओतू नका. कढई आत, दार बंद, घड्याळात वीस मिनिटं. मधे उघडून बघायचं नाही, कितीही वाटलं तरी.

वीस मिनिटांनी झाकण उचला, आणि उचलताना तुमच्यापासून दूरच्या बाजूनं, म्हणजे वाफ तोंडावर येणार नाही. कुकरची वाफ ज्याच्या अंगावर आलेली असेल त्याला हे सांगायला नको. आत पाव पूर्ण फुगलेला, फिकट, तकतकीत दिसेल. इथे नवखी माणसं घाबरतात की कच्चा राहिला. बरोबर आहे, तसाच दिसायला हवा. आता आच २१५ वर आणा आणि उघड्यावर आणखी १८ ते २२ मिनिटं. रंग मधासारखा झाला की लोकांना काढावासा वाटतो. थांबा. चिंचगुळाच्या रंगावर जाऊ द्या. इंदूरकरांना पोह्यापासून शेवेपर्यंत सगळं पिवळं आवडतं, पण पावाच्या बाबतीत पिवळा म्हणजे अर्धवट.

शेवटची पाच मिनिटं ओव्हनच्या दारात लाकडी उलथणं अडकवून बोटभर फट ठेवा. आतली उरलेली दमट हवा निघून जाते आणि साल खुटखुटीत होते. पाव उचलून बुडावर टिचकी मारा, पोकळ वाजला पाहिजे. मांसासाठीचा टोचायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९५-९६ अंश पुरे. पुस्तकांतून कुठे ९९ लिहिलेलं आढळलं तर नादी लागू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणीच ९८ च्या आसपास उकळतं.

झाकण लावून पाव भाजणं हे आजकालचं फॅड वाटतं, आणि घराघरांत ते पसरलं २००६ नंतरच, न्यूयॉर्कच्या जिम लेहीची न मळता करायच्या पावाची कृती तिथल्या वर्तमानपत्रात आली तेव्हापासून. बेकरीवाल्यांना मात्र ओल्या भट्टीचं गुपित जुनं. विटांच्या भट्टीची फरशी ओल्या फडक्यानं पुसतात, राख निघते आणि वाफही होते, शिवाय शंभर पाव एकदम आत गेले की त्यांचीच वाफ भट्टी भरून टाकते. पॅरिसमध्ये १८३०च्या दशकाच्या शेवटी ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसानं व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, वाफेच्या भट्टीचं श्रेय त्याला देतात. आपण एकच पाव भाजणार, तोही फटीफटींच्या ओटीजीत. म्हणून कढई.

लांब पाव असेल तर: पाण्याचा ट्रे

कढईत न मावणारा लांबट पाव करायचा तर सगळा ओव्हनच वाफेनं भरावा लागतो. हे जरा कटकटीचं आहे आणि भाजण्याचा धोका आहे, म्हणून पाच-सहा पाव झाल्यावरच.

एक मिलिलिटर पाण्याची जवळजवळ १.७ लिटर वाफ होते. म्हणजे तीस लिटरचा ओटीजी भरायला कागदावर १८-२० मिलि पाणी पुरतं. प्रत्यक्षात दाराच्या कडेला रबर नसतं, वाफ सतत गळते, म्हणून ती सतत व्हावी लागते. मी १०० मिलि घेते, आणि ते उकळतं. गार पाणी ओतलं की तापलेल्या ओव्हनची सगळी कमाई पाणी तापवण्यातच जाते. उकळत्या १०० मिलिची वाफ करायलाही १५०० वॉटचा ओटीजी पूर्ण ताकदीवर अडीच मिनिटं खातो. म्हणून पाणी थोडं आणि खाली बिडाचा जुना तवा, जो आधीच उष्णता धरून बसलेला असतो. पातळ ॲल्युमिनियमचा ट्रे लगेच गार पडतो, वाकतो, आणि पाणी नुसतं कोमट होऊन बसतं.

खालच्या खणात तवा, वरच्या खणात पावाचा ट्रे, दोन्ही तापू द्या. पाव आत सरकवला की दाराच्या काचेवर कोरडा जाड टॉवेल अंथरा. मग लांब नळीच्या झारीनं किंवा चहाच्या किटलीनं तव्यात पाणी ओता, टॉवेल काढा, दार लावा. टॉवेल विसरायचा नाही. मी एकदा विसरले. काचेवर दोन थेंब उडाले असतील नसतील, टक्क आवाज झाला आणि ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ओट्यावर, जमिनीवर, माझ्या चपलेत. पाव अर्थातच गेला. रॉडवर आणि आतल्या दिव्यावरही पाणी पडू देऊ नका.

पंधरा मिनिटांनी दार उघडून वाफ जाऊ द्या, तव्यात पाणी उरलं असेल तर तवा जपून बाहेर. पुढचं भाजणं कोरडं.

वाफ जास्त वेळ टिकवायची तर जुना पंचा गुंडाळून, चपट्या ट्रेत ठेवून, उकळत्या पाण्यात भिजवून पाव जायच्या दहा मिनिटं आधी आत ठेवतात. तो हळूहळू वाफ सोडतो. पंचा सुतीच हवा, रॉडपासून लांब, आणि पाण्यात निथळता. मला हे चांगलं जमतं पण कोरडा पडला तर जळेल ही धाकधूक असते, म्हणून मी ओव्हनपासून हलत नाही. बर्फाचे खडे टाकणं सुरक्षित वाटतं, कारण पाणी उडत नाही, पण बर्फ आधी वितळणार, मग तापणार, मग वाफ. तोवर पावाची पहिली महत्त्वाची मिनिटं संपलेली.

इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा फवारा? पाव आत जाण्याआधी गोळ्यावर दोन-तीन फवारे, वाईट नाही. दर दोन मिनिटांनी दार उघडून फवारणं मात्र तोट्याचं. जितकी वाफ फवाऱ्यानं येते त्याच्या कितीतरी पट दार उघडल्यानं जाते, उष्णताही.

बोअरिंगचं पाणी वापरलंत तर तव्यावर पांढरा थर साचेल. पावाला त्यानं काही होत नाही, क्षार मागेच राहतात. तवा मात्र खराब दिसतो, तेव्हा नळाला नर्मदेचं पाणी येत असेल तर तेच घ्या.

बिघडलं तर पावाकडेच बघा

बाजूनं फुटलाय आणि वर चीर मिटलेली: वाफ उशिरा मिळाली किंवा कमी पडली, नाहीतर चीर फार वरवरची होती. अंगावर चमक नाही, पिठूळ दिसतोय: वाफ नव्हतीच, किंवा तांदळाची पिठी झाडायची राहिली. चमक सुरेख पण रंग फिकट आणि साल चामड्यासारखी: झाकण फार वेळ ठेवलंत. ही सगळ्यात जास्त होणारी चूक, कारण वीस मिनिटांनी फोन येतो. आणि पाव चपटा पसरला, चीर ओल्या चिखलासारखी जिरून गेली, तर दोष वाफेचा नाही. गोळा जास्त फुगून गेला होता किंवा पाणी जास्त झालं. वाफ अशा गोळ्याला उलट आणखी पसरवते.

बूड करपत असेल तर कागदाखाली मूठभर जाड रवा पसरा, किंवा झाकण काढल्यावर कढईखाली रिकामा ट्रे सरकवा.

काढल्यानंतर

पाव जाळीवर, चारही बाजूंनी हवा लागेल असा. दोन-तीन मिनिटांत तो तडतडायला लागेल, बारीक, पावसात पत्र्यावर थेंब पडावेत तसा. साल गार होऊन आक्रसते आणि तिला केसासारख्या भेगा जातात, त्याचा हा आवाज. तो आला तर तुमची कोरडी वीस मिनिटं नीट झाली. तासभर कापू नका. आतली वाफ अजून बाहेर यायची असते, गरम कापलात तर आतला गर लिबलिबीत लागतो.

आतला ओलावा पुढेही सालीत उतरत राहतो, म्हणून संध्याकाळपर्यंत ती नरम पडणारच. जुलै-ऑगस्टमध्ये तर चार तासांत. प्लास्टिकच्या पिशवीत घातलात तर तासाभरातच. सुती फडक्यात गुंडाळून कापलेली बाजू पाटावर टेकवून ठेवा. दुसऱ्या दिवशी अंगावरून ओला हात फिरवून २०० अंशांवर सात-आठ मिनिटं, साल पुन्हा बोलायला लागते.

कढई मात्र आपोआप गार होऊ द्या. तापलेल्या बिडावर नळाचं पाणी सोडलं तर ते तडकतं. गार झाली की कोरड्या फडक्यानं पुसायची, करपलेला रवा खरवडायचा, साबण नको, आणि तेलाचा हात लावून ठेवायची. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तिच्यातच थालीपीठ लागतं.